बांधावरची खापरं

आधीच सांगते, मला सायप्रसला स्कॉलरशिपनं पाठवलं असं कुणी म्हणलं तर मी भांडेन. तिनं तिकिटाचं भागवलं, एवढंच. मी पुरातत्त्व शिकते. त्या बेटावरच्या उत्खननाच्या शिबिरात माझी निवड झाली, अन् शिबिर नेमकं ऐन खुरपणीत! चारठाण्याच्या आमच्या रानात सोयाबीनपेक्षा गवत जास्त, त्यात माय कस्तुराबाईचा गुडघा सुजलेला. मी न्हाई जात म्हणले. तर शेजारची रेणुकाकाकू कमरेवर हात ठेवून म्हणली, तू जा, तुझी पात आमी धरतो. पात म्हणजे खुरपताना एकेकीच्या वाट्याला येणारी पट्टी. काकूनं गल्लीतल्या बाया गोळा केल्या, इर्जिक केली, म्हणजे एकमेकींच्या रानात फेडीनं राबायचं; मजुरीचं नावबी काढलं न्हाई.

म्हणून मी गेले. समुद्र लय सुंदर होता म्हणे, बघायला फुरसत कुणाला! चौकोनी खड्ड्यात बसून थापीनं माती हळूहळू खरवडायची. मी उकिडवी बसले अन् हात आपोआप खुरपणीच्या चालीला लागले. रानात दगड-खापर लागलं की बांधावर भिरकवायचं, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. पहिल्याच सकाळी मी खापराचे तुकडे मागं न बघता खड्ड्याच्या काठावर फेकायलेय! कोणता तुकडा कोणत्या थरातला, हेच तर तिथं शिकायचं होतं. शिकवणाऱ्या बाई येऊन उभ्या राहिल्या तवा मला कळलं मी काय करून बसले ते. आता ह्या मला घरी धाडणार. तिकडं बाया माझ्यासाठी उन्हात वाकायल्यात, त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

बाईंनी काठ बघितला. सवयीच्या हातानं फेकलेले सगळे तुकडे एकाच जागी पडले होते, अन् मी अजून पहिल्याच थरात होते. काही मिसळलं नव्हतं. बाई म्हणल्या, थोडक्यात वाचलीस, इथून पुढं प्रत्येक तुकडा ट्रेमध्ये. संध्याकाळी मायला फोन करून मी सगळं सांगितलं अन् रडले. मायनं ते गल्लीभर केलं. तिच्या पोटात काय राहतंय!

परत आले तर बायांनी चहा पिऊ दिला न्हाई, सरळ रानात नेलं. बांधावर खताच्या रिकाम्या पोत्यांवर खापरांचे ढीग मांडलेले, एकेका पातीचा वेगळा, उडू नये म्हणून पोत्याच्या कोपऱ्यांवर दगड. त्या फोनपासून एकीनंबी खापर भिरकावलं नव्हतं.

"कोन्तं कुठं घावलं ते इचार," काकू म्हणली. "समदं ध्यानात हाय."

मला रडू आवरेना. एवढं कुणी कुणासाठी करत न्हाई. मी काकूच्या पाया पडायला वाकले, तर तिनं खांद्याला धरून उठवलं अन् माझ्या हातात खुरपं दिलं.

"उद्या माज्या रानात खुरपणी हाय. तुजी पात राखून ठेवलीय."