आठ जणांचे ऐंशी

"एकशे वीसपैकी ऐंशी," कर्टिस म्हणाला. "आणखी काय पुरावा हवाय तुला, मारिट?"

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या चीजच्या कारखान्यात कर्टिस व्यवस्थापक आणि आकडेवारीवर सही माझी. आमचे जुने कारागीर व्हर्लिन दीड वर्ष मुरवतात ते चेडर चीज बंद करून कर्टिसला झटपट तयार होणारं आणायचं होतं. त्यासाठी दोन्हींचे तुकडे शेजारी-शेजारी ठेवून कोणतं आवडलं ते विचारलं. इथवर ठीक. पण चाखायला बसवली कोण? ऑफिसातलीच बारा माणसं, रोज दुपारी, दहा दिवस.

"एकशे वीस कुठायत? बारा आहेत."

"रोज तुकड्यांवर नवे नंबर होते. कुठलं कुठलं ते कोणालाच माहीत नव्हतं."

"नंबर बदलले, जिभा तर त्याच ना? त्या बारांतल्या ग्लेनला गोडसर, म्हणजे तुझं नवं आवडतं. सोमवारी आवडलं, मंगळवारीही आवडणारच. दहादा विचारलंस म्हणून दहा ग्लेन झाले? मग मतदानालाही दहादा जाऊन ये."

तो हसला. माझं डोकंच फिरलं. माणसागणिक हिशोब केला तर आठ जण नव्याकडे, चार जुन्याकडे, बस. मी कॉफीच्या डब्यातली बारा नाणी टेबलावर उधळली. पाचदा उधळली, त्यात दोनदा तरी छापा-काटा आठ-चार किंवा त्याहून एकतर्फी पडला.

"आता या नाण्यांना विचार कोणतं चीज आवडतं ते. आणि ते आठ कोण?"

"त्यात मीही आहे," तो म्हणाला.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय. "मी सही करणार नाही."

"नको करूस. काल व्हर्लिनला आकडे दाखवले. तेच म्हणाले, मग मी थांबतो, चेडर बंद करा."

मी तडक मुरवणीच्या खोलीत गेले. व्हर्लिन फळीवरचं चीज उलटून ठेवत होते, रोजच्यासारखंच.

"त्याचं ऐकलंत कशाला तुम्ही?"

"ऐंशी जणांना नाही आवडलं, पोरी. एवढ्या लोकांपुढे मी काय बोलणार?"

"आठ, व्हर्लिन. आठच जण. त्यातही एक कर्टिस."

त्यांनी हातातलं चीज खाली ठेवलं.

"काल घरी जेवताना आपलं जुनं चेडर खाल्लं मी," ते म्हणाले. "मला छान लागलं. म्हटलं, संपलं, आपली जीभच गेली."