काचेतलं पाणी

मी वाफेवर चालणारी मोटार बोलतेय. दचकू नका. चालताना माझा आवाज होत नाही, त्यामुळे माणसं दचकतात याची मला सवय आहे.

माझा जन्म शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, परदेशात झाला. बोटीतून मुंबईला आले आणि एका डॉक्टरांच्या दारात काही वर्षं मिरवले. मग पेट्रोलच्या गाड्या आल्या. त्या हँडल मारलं की निघायच्या. मला मात्र बर्नर पेटवून वाफ धरेपर्यंत अर्धा तास लागायचा. माणसाला थांबायला आवडत नाही. मला विकलं, पुन्हा विकलं, आणि शेवटी मी ठाण्यातल्या एका भंगारच्या गोदामात पत्र्यांखाली पडून राहिले.

तिथून मला बेसिलनं बाहेर काढलं. आंबिवलीजवळच्या एका कारखान्यात तो बॉयलर सांभाळायचा. कारखाना बंद पडला, पण वाफेचा नाद काही सुटला नाही. त्याच कारखान्यातला फिटर भगवान त्याचा जिवाभावाचा दोस्त. वर्तकनगरला बेसिलच्या बिल्डिंगमागे पत्र्याची शेड होती. भगवान दर रविवारी आंबिवलीहून यायचा, खांद्याला हत्यारांची खाकी पिशवी अडकवून. बेसिलची बायको ॲनी चहा आणून ठेवायची आणि तो गार व्हायचा. दोन वर्षांत त्या दोघांनी माझी एकूण एक नळी बदलली.

पहिल्यांदा रस्त्यावर आले तेव्हा सिग्नलला माझ्या पोटाखालून पांढरी वाफ निघाली. रिक्षावाला ओरडला, "काका, उतरा, आग लागली!" लोक फोटो काढायचे आणि हमखास विचारायचे, "ॲव्हरेज किती देते?" बेसिल हसायचा. भगवान मात्र हसायचा नाही. डाव्या सीटवर बसून तो समोरच्या काचेच्या नळीकडे बघत असायचा. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते त्या नळीत दिसतं. दर थोड्या वेळानं तो तिच्यावर नखानं टिचकी मारायचा. टक, टक.

"दिसतंय ना पाणी, कशाला सारखा वाजवतोस?" बेसिल चिडायचा.

"काचेवर भरवसा ठेवू नको रे. बॉयलरमधून नळीत पाणी सोडणारा खालचा कॉक तुंबला, तर बॉयलर कोरडा पडला तरी काच भरलेलीच दिसेल."

तो कॉक महिन्यातून एकदा खोलून साफ करायचं काम भगवानचं होतं. दुसऱ्या कुणाला तो त्याला हात लावू द्यायचा नाही.

एका गुरुवारी कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये भगवान वारला. हार्ट अटॅक. शेवटच्या रविवारी विसरलेली त्याची पिशवी शेडमध्ये खिळ्याला लटकत होती. बेसिल मला पुसायचा, तेल घालायचा, बर्नर साफ करायचा, पण त्या पिशवीला त्यानं हात लावला नाही. कॉकलाही नाही. ते काम त्यानं तसंच भगवानच्या नावावर ठेवलं, जणू तो येणार होता. गाडी चालवताना तो रिकाम्या सीटशी बोलायचा. "बघ, आज प्रेशर छान धरलंय." मी ऐकायचे. उत्तर देणं माझ्या हातात नव्हतं.

भगवानला जाऊन वर्ष झालं, तेव्हा त्याची बायको शांताबाई आणि मुलगी मेघना यांना जेवायला घरी आणायला बेसिल मला घेऊन आंबिवलीला गेला. मेघना डोंबिवलीच्या एका कंपनीत मशीनवर काम करते. बेसिलनं पुढचं दार उघडलं. शांताबाई म्हणाल्या, "नको भाऊ. ती त्यांची जागा." मायलेकी मागे बसल्या.

भर दुपारची वेळ. कल्याण मागे पडलं, कोनगाव आलं. रस्ता खड्ड्यांचा होता. काचेत अर्धी नळी पाणी दिसत होतं. माझ्या पोटात काहीतरी बदलत होतं, नळ्या नको तितक्या तापत होत्या, पण मला ओरडता येत नाही.

तेवढ्यात आवाज आला. टक, टक.

बेसिलनं डावीकडे पाहिलं. सीट रिकामी. मग काचेकडे पाहिलं, आणि त्याला दिसलं की एवढ्या खड्ड्यांतही नळीतलं पाणी हलत नव्हतं.

त्यानं बर्नरच्या रॉकेलचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मला कडेला घेतलं. बॉयलरवरचा पाणी तपासायचा दुसरा कॉक उघडला तर पाण्याचा थेंब नाही, नुसती कोरडी वाफ फुत्कारली. मेघनाचा हात बॉयलरमध्ये पाणी भरायच्या हातपंपाकडे गेला.

"पंपाला हात लावू नकोस!" बेसिल ओरडला. "तापल्या बॉयलरमध्ये गार पाणी गेलं तर फाटेल. उतरा! आईला घे, लांब जा!"

तासभर ती तिघं रस्त्याच्या पलीकडे उभी होती. मी हळूहळू निवत गेले. माझ्या नळ्या वाचल्या आणि माणसंही.

माझे सगळे आवाज मला ठाऊक आहेत. तो आवाज माझा नव्हता. त्या सीटच्या स्प्रिंगांवर कुणाचं वजनही नव्हतं. याहून जास्त मला सांगता येत नाही.

"वहिनी, चूक माझी आहे," बेसिल म्हणाला. "ते काम त्याचं होतं. मी केलं असतं, तर तो नाही हे मानावं लागलं असतं. म्हणून केलं नाही. आज तुम्हा दोघींना मारलं असतं मी."

शांताबाईंनी विचारलं, "तो टिचकीचा आवाज तुम्हालाही आला ना?"

"मलाही आला," मेघना म्हणाली.

शांताबाईंनी पदरानं तोंड झाकून घेतलं. मला टोचन लावून वर्तकनगरला नेलं.

पुढच्या रविवारी मेघना शेडमध्ये आली. तिनं खिळ्यावरची पिशवी काढली आणि कॉक खोलला. आत खडूसारखा पांढरा क्षार घट्ट बसला होता. तो खरवडताना ती रडत होती. बेसिल बाजूला बल्ब धरून उभा होता. त्यानं तिला थांबवलं नाही.

आता बेसिलच्या डोळ्यांना नीट दिसत नाही. मला मेघना चालवते. शांताबाई पुढे बसत नाहीत, आणि दुसऱ्या कुणालाही तिथं बसवायचं धाडस अजून झालेलं नाही. टिचकी पुन्हा कधी ऐकू आली नाही. मला त्याचं बरं वाटतं आणि वाईटही.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घोडबंदर रोडला किंवा कल्याणच्या बाजूला एखादी जुनी, बिनआवाजाची गाडी सावकाश जाताना दिसली, तर मागून हॉर्न वाजवू नका. जरा मागेच राहा. आत माझी पोरगी, मेघना, त्या टिचकीसाठी कान देऊन बसलेली असते.