इंजिन गार होईपर्यंत

मेहुणीची गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबली तेव्हा मी मान वर केली नाही. बायको गेल्यापासून आमचं बोलणं बंद होतं. मीच बंद केलं होतं.

"भाऊजी, दिवा लागलाय."

"थांबा तिकडे. तुमच्या आधी दोन गाड्या आहेत."

"मला कधीपासून अहो-जाहो?"

"गिऱ्हाइकाला मी तुम्हीच म्हणतो."

तोंडात मारल्यासारखी ती मागे सरली, पण गेली नाही. जाणार तरी कुठे? ती हॉटेलांच्या मळक्या चादरी धुलाईला नेते आणि धुतलेल्या परत पोचवते. गाडी तिची, काम धुलाईवाल्याचं. सोमवारच्या तपासणीत गाडी पास झाली नाही तर दुसरी लावतो, असं त्याने तिला तोंडावर सांगितलं होतं. चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला दिसला की तपासणीवाले गाडी तिथूनच माघारी पाठवतात. घरात कमावणारी ती एकटी. नाहीतर माझं तोंड बघायला ती कशाला येते?

मी स्कॅनर लावला. ऑक्सिजन सेन्सरचा दोष दाखवला. हा सेन्सर धुराच्या नळीत बसवलेला असतो. बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते हुंगतो आणि पुढे कळवतो. त्यावरून इंजिनात पेट्रोल कमी-जास्त सोडलं जातं.

"दुसऱ्या गॅरेजात दोनदा बदलला," ती म्हणाली. "दिवा विझतो आणि चार दिवसांत परत लागतो. पेट्रोल तर पाण्यासारखं पिते गाडी."

"स्वस्तातला घातला असणार. खोटं बोलतोय तो."

माझ्याकडचा चांगला सेन्सर बसवला, स्कॅनरने दिवा घालवला. किल्ली घेताना ती म्हणाली, "हल्ली डोकं फार दुखतं हो, भाऊजी. गाडीत बसलं की सुरू होतं."

"डोकी सगळ्यांचीच दुखतात," मी म्हणालो आणि पुढच्या गाडीचं बॉनेट उघडलं.

शनिवारी सकाळी ती परत आली. दिवा लागलेला. मागच्या सीटवर धुतलेल्या चादरींचे गठ्ठे छताला टेकलेले.

"काय हो, तुमचा चांगला सेन्सरही खोटारडा निघाला?"

मी मनात म्हटलं, नवे-जुने सगळे सेन्सर एकच गोष्ट सांगतायत, तर ते सगळे खोटं कसे बोलतील? धुराच्या नळीला कुठेतरी तडा असावा. आणि असला तरी आत्ता दिसणार नव्हता. गरम लोखंड फुगतं, तडा मिटतो. गार झालं की परत उघडतो.

"इंजिन गार झाल्याशिवाय हात लावणार नाही," मी म्हणालो.

"म्हणजे किती वेळ?"

"गार होईपर्यंत."

"आणि माझे गठ्ठे?"

"मग न्या गाडी दुसरीकडे. तिकडे दोनदा गेलातच ना?"

ती तरातरा जाऊन भिंतीकडच्या जुन्या टायरवर बसली. मी एकाच पान्याला पुन्हा पुन्हा फडकं मारत राहिलो.

"बोला की एकदाचं," ती म्हणाली. "ताई गेली तेव्हापासून मिठाची गुळणी धरून बसलाय."

"काय बोलायचं? तिथे तुम्ही होतात. मी नव्हतो."

"तुम्ही औषध आणायला गेला होतात. मी कुठे काय म्हणतेय?"

"बोटाला लावायचं ते यंत्र ऑक्सिजनचा आकडा कमी दाखवत होतं. कोकलत होतं नुसतं. आणि तुम्ही काय केलंत? सेल बदलले! या बोटावरून काढून त्या बोटाला लावलं! यंत्र बिघडलंय म्हणे. तास घालवलात तुम्ही, तास!"

"डॉक्टर म्हणाले, तासाने काही फरक पडला नसता."

"डॉक्टरांची बायको नव्हती ती."

"माझी बहीण होती!" ती उठून उभी राहिली. "आणि तुम्ही मोठे शहाणे! ही गाडी महिनाभर ओरडतेय, तर तुम्हीही सेन्सरच बदललात ना? खोटं बोलतोय म्हणालात ना? दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! तुमचा जन्म गाड्यांत गेला, भाऊजी. ते यंत्र मी त्या आठवड्यात पहिल्यांदा हातात धरलं होतं."

मी हातातला पाना आपटला आणि बॉनेट उघडलं.

बॉनेटखाली हात घालून पाहिला. लोखंड गार लागलं. मी साबणाचं पाणी केलं आणि तिला गाडी चालू करायला सांगितलं. टिक-टिक-टिक असा बारीक आवाज आला. सायलेन्सरच्या तोंडावर तिला चिंधी दाबून धरायला लावली आणि पुढे येऊन नळीवर साबणाचं पाणी मारलं. इंजिनाला चिकटून असलेल्या भागावर, सेन्सरच्या अलीकडे, एका जागी फेस उकळल्यासारखा फुगायला लागला. केसाएवढा तडा. धुराच्या दोन झटक्यांच्या मध्ये तिथून बाहेरची हवाही आत ओढली जात होती. सेन्सरला ऑक्सिजन जास्त जाणवत होता, कारण तो खरंच जास्त होता.

मग माझं लक्ष वर गेलं. ज्या जाळीतून ब्लोअर गाडीत हवा घेतो, ती जाळी बरोबर त्या तड्याच्या वर होती. जिथून हवा आत जात होती, तिथूनच धूर बाहेरही येत होता.

"बंद कर गाडी," मी ओरडलो. "सकाळी ब्लोअर लावतेस?"

"काचेवर वाफ धरते, मग लावायला नको?"

"काचा बंद?"

"थंडीत उघड्या ठेवू?"

"धुराचा वास नाही आला कधी?"

"गाडीभर साबणाचा वास असतो, त्यात काय कळणार?"

"आणि डोकं?"

"सांगितलं होतं की तुम्हाला."

सांगितलं होतं खरं. धुरातल्या ज्या वायूने माणूस बसल्या जागी झोपतो, त्याला वासही नसतो. मी किल्ली काढून खिशात घातली.

"किल्ली द्या. मला दोन हॉटेलं गाठायचीत."

"नाही देत."

"भाऊजी, सोमवारी तपासणी..."

"उद्या तो भाग बदलतो. सोमवारी दिवा नसेल. गठ्ठे माझ्या गाडीत टाक."

"तुमचे उपकार नकोत मला."

"उपकार कोण करतंय? तू मेलीस तर तुझ्या घरच्यांना तोंड मला दाखवायचंय."

टॅक्सीत बसावं तशी ती मागे जाऊन गठ्ठ्यांशेजारी बसली. मी तिच्या बाजूची काच खाली केली. तिने लगेच वर केली. सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला.

"हात फार गार होता तिचा. हात गार असला की आकडा कमी येतो, असं नर्सने सांगितलं होतं. म्हणून चोळत बसले. म्हटलं, ऊब आली की खरा आकडा येईल."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

"कुठला हात?"

"आधी डावा. मग दोन्ही."

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवून शिवी हासडली. मी गाडी पुढे काढली.

हॉटेलच्या मागच्या दाराशी मी गठ्ठा उचलायला गेलो, तर तिने माझा हात झटकला.

"तेलकट हात लावू नका. धुतलेल्या आहेत."

मी हात पँटला पुसले आणि ती सगळे गठ्ठे आत नेईपर्यंत दार धरून उभा राहिलो.