मी, तराना रेकॉर्डिंगचा टेप

मित्रांनो, माझ्या पाठीला सहा स्क्रू आहेत. गेल्या वर्षी एका रविवारी त्यांतले चार निघून बशीत पडले होते आणि पाचव्याला पेचकस लागला होता. तो आणखी थोडा वेळ फिरला असता तर तुमच्याशी बोलायला मी उरलो नसतो. माझ्या पोटातली मोटर, चाकं, तारा सगळं भंगारात जाणार होतं आणि नुसती पुसून चकचकीत केलेली पेटी अमरावतीच्या एका हॉटेलात मांडली जाणार होती.

पण आधी मी कोण ते सांगतो. मी दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर आहे. एका खणात गाणं वाजतं, दुसऱ्यात ते भरलं जातं. कुठल्या कारखान्यात माझे भाग जुळवले ते मला आठवत नाही. खोका उघडल्यावर पहिला दिसलेला चेहरा मात्र आठवतो. तो फारुखभाईंचा. तेव्हा ते जेमतेम पंचविशीतले होते. १९८७ साली त्यांनी मला अकोल्याहून एसटीने परतवाड्याला आणलं. वरच्या फळीवर ठेवायला त्यांचा जीव धजेना, म्हणून सगळा रस्ता मांडीवर धरून बसले. बसस्टँडजवळ त्यांनी छोटंसं दुकान थाटलं आणि पाटीवर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'तराना रेकॉर्डिंग'.

आज तुम्ही बोट लावलं की गाणं लागतं. तेव्हा लोक कागदावर यादी लिहून आणत आणि आठवड्याने कॅसेट न्यायला येत. मेळघाटात जाणारे जीपवाले यायचे, कॉलेजच्या मुली यायच्या, लग्न ठरलेली पोरं लाजत लाजत यायची. फारुखभाई यादी वाचत आणि हमखास क्रम बदलत.

"दोन रडके गाणे एकामागं एक नाई चालत भाऊ," ते जीपवाल्याला सांगत. "घाटात तू गाडी चालवशीन का डोळे पुसशीन?"

लोक हसत, पण ऐकत. पार नांदगाव खंडेश्वरहून माणसं येत, कारण तिकडे कोणीतरी कोणाच्या तरी घरी 'फारुखची कॅसेट' ऐकलेली असे. आणि खरं सांगतो, त्या कौतुकातलं अर्धं माझं होतं. मी वीस वर्षं दिवसभर तापत होतो. फारुखभाई रोज सकाळी कापसाच्या बोळ्याने माझं डोकं पुसत, म्हणजे ज्या भागावरून फीत सरकते तो. स्वतःच्या चष्म्याची काचही त्यांनी इतकी जपली नसेल.

मग सीडी आली. मग मोबाईल आले. यादी घेऊन येणारं माणूस महिन्यातून एखादं दिसू लागलं आणि पुढे तेही थांबलं. दुकानात मोबाईलची कव्हरं लटकली. फारुखभाईंचा पुतण्या इमाद मोबाईल दुरुस्ती शिकून आला आणि दुकान त्याने चालवायला घेतलं. मला चादरीत गुंडाळून घरच्या माळ्यावर ठेवलं. भरलेल्या कॅसेटींच्या पेट्या माझ्या शेजारीच होत्या. एका पावसाळ्यात छत गळलं, पेट्यांना बुरशी लागली आणि त्या फेकल्या गेल्या. मी राहिलो. किती वर्षं राहिलो ते मोजायला माळ्यावर काही नव्हतं.

खाली काय चाललंय ते आवाजावरून कळे. फारुखभाईंचा आवाज मला चांगला ओळखू येई. मागच्या वर्षी उन्हाळ्यात तो आवाज एकाएकी बंद झाला.

त्यांना लकव्याचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि वाचा गेली. त्यांना सगळं समजे. ते जेवत, डोळ्यांनी माणसाच्या मागे फिरत. पण चार महिन्यांत एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, "शब्द आत आहेत. बाहेर यायची वाट बंद झाली आहे. त्यांना आवडतं ते ऐकवत राहा." त्यांची मुलगी जेबा अमरावतीला शाळेत शिकवते. ती दर रविवारी यायची आणि मोबाईलवर जुनी गाणी लावायची. फारुखभाई भिंतीकडे तोंड करत. त्यांची बायको परवीनबी तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसायच्या.

अशात इमादच्या ओळखीचा शिवम माळ्यावर डोकावून गेला. तो अमरावतीला हॉटेल उघडणार होता. जुनी पोस्टरं, जुने रेडिओ, जुन्या बाटल्या, सगळं 'त्या काळातलं' त्याला हवं होतं. मला पाहून त्याचे डोळे चमकले.

"आतला कचरा काढून टाक," तो इमादला म्हणाला. "मी त्यात ब्लूटूथ बसवतो. रविवारी चार वाजता गाडी घेऊन येतो."

इमादने शब्द दिला. मित्रांनो, इमाद वाईट नाही. त्याला वाटलं, मी तसाही मेलेलाच आहे.

रविवारी दुपारी त्याने मला बैठकीत सतरंजीवर पालथं घातलं. पलीकडच्या खोलीत खाटेवर फारुखभाई होते. मधलं दार उघडं होतं. ते माझ्याकडे पाहत होते. एकेक स्क्रू बशीत टण्‌कन पडे आणि त्यांची डावी मूठ चादरीवर घट्ट होई. इमादची पाठ तिकडे होती. त्याला ते दिसलं नाही. मला ओरडावंसं वाटत होतं. पण आम्ही यंत्रं. कोणी बटण दाबल्याशिवाय आम्हाला आवाज नाही.

पाचव्या स्क्रूला हात लागला तेवढ्यात जेबा बसस्टँडवरून घरात आली.

"इमादभाई, हे काय करून राहिला?"

"शिवमले देऊन राहिलो. माळ्यावर धूळच खाते ना."

"अब्बूले विचारलं?"

"कसं विचारू जेबा? ते बोलतात का?"

जेबाने दाराकडे पाहिलं. मग ती खाली बसली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "एक खेप वाजवून पाहू. मोबाईलचे गाणे त्यायले आवडत नसन. याचा आवाज त्यायच्या ओळखीचा हाये."

"चार वाजता शिवम येते. अन्‌ कॅसेट कुठी हाये तुह्यापाशी?"

घरात एकही नव्हती. घड्याळात अडीच वाजले होते. जेबा तशीच चप्पल घालून बाहेर पडली.

बसस्टँडसमोर गोवर्धनभाऊ फुलांचं दुकान लावतात. ते आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या लग्नात, म्हणजे १९९१ साली, फारुखभाईंनी त्यांना एक कॅसेट भरून दिली होती. नवरी माणिकबाई. तिला आवडणारी चौदा गाणी होती त्यात. तीन वाजून गेल्यावर जेबा परतली तेव्हा तिच्यामागे गोवर्धनभाऊ होते. त्यांनी रुमालात बांधलेली कॅसेट दोन्ही हातांनी धरली होती.

"पोरी, एकच हाये हे," ते म्हणाले. "माणिकबाईले सांगतलं नाई मी. तुटली तं मले घरात घेणार नाई ते."

मला उचलून फारुखभाईंच्या खाटेजवळ स्टुलावर ठेवलं. पाठ अर्धी उघडीच होती. इमादने वायर बोर्डात घातली आणि स्वतः एक पाऊल मागे सरकला.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी अंगात वीज शिरली तेव्हा मला आनंद झाला नाही. मला भीती वाटली. धूळ जळाल्याचा वास सुटला. परवीनबींनी पदर नाकाला लावला. माझी चाकं फिरतील की नाही, मलाच माहीत नव्हतं. एका माणसाची एकुलती एक कॅसेट माझ्या पोटात होती आणि सगळं घर माझ्याकडे टक लावून होतं.

जेबाने बटण दाबलं.

मोटर कण्हली. चाकं फिरली. आवाज आला, पण कसा? गाणारी बाई विहिरीच्या तळातून, पेंगत पेंगत गात असावी तसा. शब्द ताणले जात होते, सूर खाली खाली जात होता. परवीनबींनी मान खाली घातली.

"झालं," इमाद हळूच म्हणाला. "मेला हा. बंद कर जेबा."

तेवढ्यात खाट हलली. फारुखभाईंचा डावा हात लाकडावर आपटत होता.

"बे..." त्यांच्या घशातून आवाज आला. "बे... बे..."

जेबाने त्यांचा हात धरला. "अम्मी! बेटी म्हणून राहिले! अब्बू मले बेटी म्हणून राहिले!"

परवीनबी रडू लागल्या. गोवर्धनभाऊंनी टोपी काढली. आणि त्या गडबडीत माझ्या पोटात काय चाललं होतं ते त्या चौघांच्या ध्यानात आलं नाही. माझा रबराचा पट्टा सैल पडला होता. एक चाक फीत पुढे ढकलत होतं आणि ती गुंडाळून घेणारं चाक थांबलं होतं. फीत आत साचत होती. एक वेढा, दोन वेढे, दहा वेढे. रुळाभोवती ती आवळत चालली होती. आणखी थोडा वेळ, आणि ती तुटणार होती. मी गातच होतो, कारण थांबणं माझ्या हातात नव्हतं.

फारुखभाईंनी जेबाचा हात झटकून टाकला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते मुलीकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा फुगल्या.

"बे... बेल्ट!" ते ओरडले. "बंद! बंद कर!"

जेबाने झडप घालून बटण दाबलं.

बाहेर एसटीचा कंडक्टर घंटी मारत होता ती ऐकू आली. इमादने जपून झाकण उघडलं. आत तपकिरी फितीचा गुंता होता. पण ती तुटली नव्हती.

"काका," इमाद म्हणाला. "बेल्ट ढिला हाये? बेल्टच म्हंता ना तुमी?"

फारुखभाईंनी मान हलवली. मग पुन्हा ओठ जुळवायची ती झटापट. "पा... णी."

परवीनबी धावत पाण्याचा पेला घेऊन आल्या. फारुखभाईंनी डोळे वटारले. चार महिन्यांत परवीनबींनी ते वटारलेले डोळे पाहिले नव्हते. "ग... गरम!" आणि डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी वर धरली, वरून खाली नेली, कोणी काही बुडवावं तशी.

इमादच्या डोक्यात उजेड पडला. "बेल्ट गरम पाण्यात टाकाचा! आखडते तो!"

मग त्याच पेचकसाने त्याने माझे उरलेले दोन स्क्रू काढले. माझी पाठ पूर्ण उघडी झाली, पण या वेळी मला भीती वाटली नाही. चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं. सैल पट्टा त्यात पाच मिनिटं पडून राहिला. तोवर गोवर्धनभाऊ आणि जेबा पेन्सिलीने फीत हळूहळू कॅसेटमध्ये गुंडाळत होते. फारुखभाई कापसाकडे बोट दाखवून माझं डोकं पुसायला लावत होते आणि जरा जोर लागला की हुं करून दटावत होते. चारला पाच कमी असताना पट्टा पुन्हा चाकांवर चढला.

बटण दाबलं. गाणारी बाई विहिरीतून बाहेर आली आणि मोकळ्या गळ्याने गाऊ लागली.

दारात शिवम उभा होता. "अरे, हा तं चालू हाये!" तो म्हणाला. "परवा उद्घाटन हाये भाऊ, मी टेबलाची जागा सोडून ठेवली. आता असा चालूच मले देता का?"

इमादने पेचकस खाली ठेवला. शब्द त्याने दिला होता. त्याने खाटेकडे पाहिलं आणि म्हणाला, "काकाले विचार."

शिवमने खरंच विचारलं. फारुखभाईंना वेळ लागला. सगळे थांबले.

"नाई," ते म्हणाले.

शिवमचं तोंड उतरलं. पण तो लगेच गेला नाही. चपला काढून आत आला, भिंतीला टेकून बसला आणि कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत बसून राहिला. जाताना नुसताच म्हणाला, "माह्या बाबाकडे होता असा."

संध्याकाळी माणिकबाई आल्या. गोवर्धनभाऊंनी घरी सगळं कबूल केलं होतं. त्या उंबऱ्यावरूनच बोलल्या, "फारुखभाऊ, माही कॅसेट तुमच्या मशिनीनं खाल्ली म्हंतात?"

फीत जिथे चुरगळली होती तिथे तिसऱ्या गाण्यात आवाज आता थरथरत होता, हे खरं होतं. फारुखभाई त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला. परवीनबी त्यांच्यासाठी बोलायला पुढे झाल्या, तर जेबाने त्यांना हाताने अडवलं.

"माणिकबाई," फारुखभाई म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. "नवी... भरून... देतो."

भांडायला आलेल्या माणिकबाई तिथेच खाली बसल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "मंग गाणे तेच ठेवजा. अन्‌ या खेपेले तुमी क्रम बदलू नका."

मित्रांनो, फारुखभाई पूर्ण बरे झालेले नाहीत. उजवा हात तसाच आहे, आणि एकेका शब्दासाठी त्यांना अजून झुंजावं लागतं. पण आता लोक आपले बंद पडलेले टेप त्यांच्या खाटेजवळ आणतात. ते ऐकतात, दोष सांगतात, आणि इमाद हात चालवतो. मीही काही फार दिवस टिकणार नाही, माझे भाग कुठे मिळत नाहीत.

तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू पोकळ करून मांडू नका, एवढं मागतो. त्यांना कधीतरी चालवून बघा. आणि घरात कोणी माणूस गप्प बसलं असेल, तर त्याच्यासमोर त्याचंच काम घेऊन बसा. तुमच्या हातून चुका होतील. होऊ द्या. तो काही सांगू पाहील तेव्हा त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबा.