न हलणारा सा

तंबोरा मेला, असं वनमालाबाईंनी ठरवून टाकलं. आणि बाईंनी एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ते बदलत नाही, हे हरिशंकरपुरमची सगळी गल्ली जाणते.

लेकानं पैसे पाठवून कानाला नवं डिजिटल यंत्र लावून दिलं, तेव्हापासूनचं हे. दूधवाला काय बोलतो, लेक फोनवर काय सांगतो, सगळं लख्ख कळायला लागलं. तंबोरा मात्र पहिला सा द्यायचा आणि छेडता छेडता विरून जायचा. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या साजवाल्या मिस्त्रीनं दोनदा तारांखालचा जवारीचा धागा बदलला. "बाईसाहेब, साज एकदम सही बोल रहा है," तो म्हणाला. "तुझेच कान फुटलेत मेल्या!" म्हणून बाईंनी त्याला वाटेला लावलं. मग इंदरगंजातल्या गाण्याच्या शाळेच्या दिनकररावांना फोन केला: गुरुवारी या, तंबोरा घेऊन जा, काचेच्या कपाटात ठेवा. फोन ठेवला आणि बाई ढसाढसा रडल्या.

तो तंबोरा माधवरावांच्या हातातला. यजमान. जवळजवळ पन्नास वर्षं बाई पुढे बसून गायल्या आणि ते मागे भिंतीशी बसून तारा छेडत राहिले. नोकरी संस्थानच्या कचेरीत. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, मग छप्पन साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि कचेरी भोपाळला निघाली. सगळे कारकून ट्रंका बांधून बढतीवर गेले. माधवराव गेले नाहीत. इथेच एका शाळेत फीच्या पावत्या फाडत बसले. का, ते कधी बोलले नाहीत. बाई मात्र चारचौघांत सांगायच्या, "आमच्या ह्यांचं काय, बसले तिथे बसले! हलतील तर शपथ!" लोक हसायचे. माधवरावही हसायचे आणि खुंटी पिळायचे.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. घर असं खायला उठलं की मीटर वाचायला आलेल्या माणसालाही बाई आग्रहानं चहा पाजायच्या.

बुधवारी यंत्र तपासायचं होतं. ते बसवणारी राजलक्ष्मी थाटीपुरची मराठी पोरगी, पण दर दुसऱ्या वाक्याला हिंदीत घसरणारी. बाईंनी तंबोऱ्याचं दुखणं सांगितलं तशी ती हसली.

"आजी, तंबोरा ठीक आहे. ये मशीन की करामात है. बघा, आत इवलीशी चिप आहे. आवाज आला की ती सेकंदाला हजारो वेळा तो मोजते, त्याचे आकडे करते. मग खालचे सूर एका कप्प्यात, वरचे दुसऱ्यात, असे निवडते. प्रत्येक कप्प्यात एकच बघते: हलतंय का? वर-खाली होत असेल तर माणूस बोलतोय, आने दो. एकसारखं चालू असेल तर पंखा, कूलर, नुसता गोंगाट. त्याला दाबून टाकते. उरलेल्या आकड्यांचा परत आवाज करून कानात सोडते."

"म्हणजे तंबोरा..."

"तो बिचारा हलतच नाही ना! पंख्यात जमा झाला."

बाईंना भिंतीशी बसलेले माधवराव आठवले. छप्पन साली बाईंची बुवांकडची गाण्याची तालीम ऐन रंगात आली होती. भोपाळला गेलं असतं तर गाणं तिथेच संपलं असतं. हे बाईंना तेव्हाही ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं.

"मीही ह्यांच्या बाबतीत हेच केलं गं," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं."

राजलक्ष्मीला काही कळलं नाही. "आजी, वो बंद कर सकती हूँ. पण मग पंखा, फ्रीज, शेजारचा पंप, दिवसभर सगळं डोकं उठवेल. बोलणं पण साफ नाही येणार."

"येऊ दे. माझ्याशी बोलायला कोण बसलंय? बंद कर ते."

गुरुवारी दिनकरराव तंबोऱ्याला घालायची गवसणी घेऊन आले. दार उघडंच होतं. फ्रीज घरघरत होता, शेजारचा पंप कोकलत होता. बाई भिंतीला टेकून, माधवरावांच्या जागेवर तंबोरा घेऊन बसल्या होत्या. समोर गाणाऱ्याची सतरंजी अंथरलेली, रिकामी. डोळ्यांतून धार लागली होती, पण बोटं थांबत नव्हती.

"हे काय, गाणार आहात की काय?" दिनकररावांनी विचारलं.

"नाही. तंबोरा मिळायचा नाही, तुम्ही या आता," बाई म्हणाल्या. "आज मी साथीला बसलेय."