दोरी धरायचं काम

ते हॉस्पिटल आता नव्या इमारतीत गेलं आणि आमचं धुलाईखातं मोडलं. मला मात्र तिथल्या साबणाचा वास अजून येतो. ओल्या चादरी वाळून त्यांना इस्त्री व्हावी म्हणून आम्ही त्या दोन गरम रुळांमधून काढायचो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझी धाकटी जाऊ. डोक्यावरून लाल दोरी गेलेली. ओढली की रूळ जागच्या जागी थांबत.

एके दिवशी चादरीचा काठ तिच्या बोटांना गुंडाळला आणि हात आत गेला. दोरी मीच ओढली. खात्यात चिडीचूप झालं, आणि मग ती ओरडली. आधी शांतता, नंतर किंकाळी.

हात वाचला, पण दोन बोटं वाकेनात. दीर आधीच गेलेले, घर तिच्याच पगारावर. डॉक्टरांनी तीन महिने हलकं काम सांगितलं. पुढेही रुळावर उभं राहता आलं नाही, तर नोकरी जाणार होती.

तिला उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालायला बसवलं. रूळ चालू असेपर्यंत ती बरी असायची. जेवणाच्या सुट्टीत ते बंद झाले की कान झाकून बाहेर पळायची.

"अगं, बंद यंत्राला कसली घाबरतेस?" मी म्हटलं.

"बंद झालं म्हणजे कुणाचा तरी हात गेला असणार, जाऊबाई."

आणि पुढे पुढे चालू रुळांवरही तिला तो हात दिसू लागला. चादरीखालून पाच बोटांचा उंचवटा रुळाकडे सरकतोय, असं सांगायची.

आमच्या मुकादमबाई गळ्यात शिट्टी अडकवून फिरायच्या, म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना शिट्टीच म्हणायचो. त्यांनी एक दिवस जावेची खुर्ची उचलून दोरीखाली आणून ठेवली.

"आजपासून ही दोरी धरायची. हात दिसला की ओढ."

"आणि खोटाच असला तर?"

"ते नंतर बघू. आधी ओढ."

पहिल्या दिवशी तिने इतक्या वेळा ओढली की ओल्या चादरींचा डोंगर झाला. दर वेळी शिट्टीबाई चादर उचलून तिला खालचं दाखवायच्या. काही नसायचं. बायका वैतागल्या.

"काय गं, आज किती हात सापडले?" एकीने टोमणा मारला. "एखादा मला दे की, घरी भांडी घासायला!"

जाऊ खुदकन हसली. अपघातानंतर पहिल्यांदाच.

मग हळूहळू दोरी कमी ओढली जाऊ लागली. एकदा तर थांबलेल्या रुळांसमोर बसून तिने डबा खाल्ला.

मुदत संपली त्या सकाळी ती आपल्या टोकाला येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"दोरी जाऊबाईंकडे द्या," ती म्हणाली. "त्यांच्या हाताची मला खात्री आहे."

माझ्या टोकाला शिट्टीबाई स्वतः उभ्या राहिल्या. चादरी आत जाऊ लागल्या. तिची ताठ बोटं काठ सोडायला जरासा उशीर करत होती, आणि माझे डोळे तिथून हलेनात. तेवढ्यात मला तो दिसला. चादरीखालचा उंचवटा. पाच बोटं, सरळ रुळाकडे निघालेली.

मी ओढली.

शांतता पडली. डोळे घट्ट मिटून मी किंकाळीची वाट बघत राहिले.

"जाऊबाई, अहो, इकडे बघा."

ती माझ्यासमोर दोन्ही पंजे पसरून उभी होती. धडधाकट. मी बघितले, तरी मला खरं वाटेना.

"बघितलंत ना? चला, डोंगर साठायच्या आत आटपू या," असं म्हणून तिने जाऊन बटण दाबलं. रूळ हलले नाहीत. पुन्हा दाबलं. दोरी अजून माझ्या मुठीत ताणलेली होती.

ती परत आली आणि त्या ताठ बोटांनी तिने माझी मूठ सोडवली, एकेक बोट करून. मग ती आपल्या टोकाला गेली, चादरीचा काठ उचलला, आणि रूळ पुन्हा फिरू लागले.