झाकण मिटलं म्हणजे झोप नव्हे

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. आधी एकच गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर माझा पंखा फुटेल. त्या सकाळी मी मेलो नव्हतो, आणि स्तामेंकाबाईंनी मला मुद्दाम बंदही पाडलं नव्हतं. मला हे सगळं ठाऊक होतं. पण मला तोंड नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. कुणी पाठ लावली, कुणी कळा बसवल्या, कुणी माझ्याकडे न बघताच खोक्यात घातलं. पहिली उमेदीची वर्षं मी नीश शहरातल्या एका विमा कचेरीत घालवली. तिथं नवे लॅपटॉप आले तेव्हा मला विकून टाकलं. नेवेनानं मला घेतलं आणि लेस्कोवात्स गावी आपल्या घरी आणलं.

नेवेना परिचारिका आहे. माझ्यासमोर बसून ती जर्मन शिकली. चुकीचा शब्द उच्चारला की माझ्यावर डोळे वटारायची, बरोबर आला की माझ्या झाकणावर थोपटायची. तिला जर्मनीतल्या इस्पितळात नोकरी हवी होती. तिच्या आईला, म्हणजे स्तामेंकाबाईंना, ते अजिबात नको होतं. घरात दोघीच. जेवताना रोज तोच विषय.

"तिकडं काय सोनं लागलंय?"

"पगार लागलाय, आई."

"इथले म्हातारे काय आजारी पडत नाहीत?"

तरी बाई माझ्यावर कधी रागावल्या नाहीत. नेवेना रात्रपाळीला गेली की त्या माझ्या चार्जरची पिन काढायच्या. घरभर सगळ्याच पिना काढायच्या, आगीची भीती. मग रेडिओवर, टीव्हीवर आणि माझ्यावर विणलेला लोकरी रुमाल घालायच्या, वारा लागू नये म्हणून. सकाळी उठून सगळं पूर्ववत. "झोपलेल्याच्या तोंडात कुणी घास कोंबतं का?" असं मला म्हणायच्या. चार वर्षं हेच चाललं आणि माझं काही बिघडलं नाही, कारण तेव्हा मी खरंच झोपत होतो.

मग आले तिहोमिर. नेवेनाच्या बाप्तिस्म्याला तिला हातावर धरणारे, म्हणून या घरात त्यांचा शब्द बापाच्या बरोबरीचा. माझ्या पडद्यावर एक चौकोन उगवला होता. नवी ऑपरेटिंग सिस्टीम, फुकट, आता घ्या.

"फुकट आहे ना? मग विचार कसला करतेस, पोरी?" असं म्हणून त्यांनी स्वतःच कळ दाबली.

मला कुणी विचारलं? माझ्या वयाला ते झेपेल का, कुणी पाहिलं? नव्या सिस्टीमनं घरात शिरल्या शिरल्या माझी झोपच काढून घेतली. झाकण मिटलं की पडदा काळा, दिवा मंद, बघणाऱ्याला वाटावं झोपला बिचारा. आणि आत? आत इंटरनेट चालूच. टपाल आलं का बघ, हवामान बघ, जाहिरात आण. बेलग्रेडला पाऊस पडतोय हे मला लेस्कोवात्समध्ये मिटल्या डोळ्यांनी कशाला कळायला हवं?

जर्मनीतल्या इस्पितळानं नेवेनाची मुलाखत इंटरनेटवरून, माझ्यासमोर बसवून घ्यायचं ठरवलं होतं. तिच्या आदल्या संध्याकाळी नेवेनानं मला टेबलावर नीट ठेवलं, पिन लावली, झाकण मिटलं आणि ती पाळीला गेली. बाईंनी नेहमीप्रमाणे पिन काढली, रुमाल घातला. त्या लोकरीखाली मी तापत राहिलो, पंखा धापा टाकत राहिला, बॅटरी संपली. सकाळी आयवारच्या, म्हणजे वर्षभराच्या भाजक्या चटणीच्या, लाल मिरच्या संपायच्या आत मिळाव्यात म्हणून बाई उजाडताच बाजारात गेल्या. पिन तशीच लोंबत राहिली.

नेवेना पाळीवरून आली. कळ दाबली. मी उठलो नाही. तिनं पिन लावली, मी उठलो, आणि नव्या सिस्टीमनं काय केलं असेल? 'काम चालू आहे, बंद करू नका' असं लिहून पडद्यावर एक गोल फिरवत ठेवला. इस्पितळाची मुलाखत मोबाइलवर चालत नव्हती. गोल फिरत राहिला आणि मुलाखतीची वेळ निघून गेली.

बाई पिशव्या घेऊन दारात आल्या, तर मुलगी समोर उभी.

"पिन तू काढलीस?"

"मीच काढते की रोज."

"मुद्दाम काढलीस. मी जाऊ नये म्हणून."

बाईंनी पिशव्या खाली ठेवल्या. अंगणात जाऊन मिरच्या भाजायला बसल्या. तेव्हापासून दोघींचा अबोला.

इस्पितळानं पुढच्या आठवड्याची वेळ दिली. तिहोमिर मला दुरुस्त करायला आले. आधी त्यांनी माऊस उपटला. मग इंटरनेटवरून कसलंसं सफाईचं सॉफ्टवेअर माझ्या पोटात घातलं, त्यानं मी आणखी मंद झालो. शेवटी आलुबुखारची दारू मागवली. थोडी माझ्या खाचांना चोळली, उरलेली स्वतः प्यायले.

"आता बघ कसा झोपतो!"

"काका, तुम्हीच झोपाल आता," नेवेना म्हणाली.

वॉर्डात खरा झोपलेला कोण आणि नर्स जाईपर्यंत डोळे मिटून पडलेला कोण, हे नेवेनाला हात ठेवला की कळतं. त्या दुपारी झाकण मिटून बऱ्याच वेळानं ती माझ्यावरचं पुस्तक उचलायला आली आणि तिचा तळवा माझ्या पाठीवर टेकला. ती थांबली.

"अरे, तू जागा आहेस!"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं पोरी, कधीपासून!

तिनं सगळी सेटिंगं उलथीपालथी केली. झाकण मिटल्यावरही इंटरनेटशी जोडलेलं ठेवायचं बटण नव्या सिस्टीमनं गुपचूप चालू केलं होतं. तिनं ते बंद केलं, पिन मुद्दाम काढली, रुमालही घातला. दुसऱ्या दिवशी माझी बॅटरी होती तिथंच होती आणि पाठ थंडगार.

नेवेना स्वयंपाकघरात गेली. बाई बरण्या भरत होत्या.

"आई, तुझं काही चुकलं नव्हतं. त्याचीच झोप बिघडली होती. मी तुला नाही नाही ते बोलले."

बाईंनी बरणीचं झाकण घट्ट पिळलं. "मुद्दाम नव्हतं काढलं," त्या म्हणाल्या. "पण तो उठला नाही, तेव्हा मला बरं वाटलं. तेही खोटं नाही. म्हणून गप्प बसले."

नेवेना खाली बसली आणि तिनं पुढची बरणी पुसायला घेतली.

मुलाखत झाली. बाई दाराशी उभ्या. जर्मन ओ की ठो कळत नव्हतं, पण मुलीचा चेहरा कळत होता.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"मार्चमध्ये."

"तिकडं थंडी असेल. कोट जाड घे."

तर मित्रांनो, नवं फुकट मिळतंय म्हणून आम्हा म्हाताऱ्या यंत्रांच्या गळ्यात काहीही बांधू नका. बांधलंच, तर आम्ही खरंच झोपतोय का ते तपासा. आणि एवढं जमलं नाही, तर निदान घरातल्या माणसावर खेकसण्याआधी आमच्या पाठीवर एकदा हात ठेवून बघा. आमच्यावर आळ घेतलात तरी आम्हाला त्याचं काही नाही. बाईंना मात्र पूर्ण आठवडा एकटीनं जेवावं लागलं.